चौदा ओव्यांची घागर

सिंधू लग्न होऊन हिंगोलीला आली तेव्हा तिची घागर तीन ओव्यांत भरायची.

मोजायचं म्हणून कुणी मोजलं नव्हतं. माहेरी, नरसीला, उन्हाळ्यात कयाधू आटली की बायका वाळूत झिरे उकरत. वाटी घेऊन झिऱ्याशी बसायचं, पाणी पाझरेपर्यंत ओवी म्हणायची, मग उपसायचं. कुणाचा झिरा पाच ओव्यांचा, कुणाचा सात. आईनं मरायच्या आधी सिंधूला जे काही दिलं त्यात ही एक सवय होती. पाण्याजवळ बसलं की ओवी आपोआप तोंडून निघे, आणि ती एकाच चालीनं निघे. ना घाई, ना रेंगाळणं.

सासरी झिरा नव्हता, नळ होता. गावाबाहेरच्या टेकाडावर टाकी, टाकीपासून रस्त्याखालून आलेला बिडाचा जाड नळ, आणि त्याला फुटलेली अंगठ्याएवढी फांदी यांच्या अंगणात. रोज सकाळी दोन तास पाणी. सासरे व्यंकटरावांनी गल्लीत पहिल्यांदा नळ घेतला तो हा. पाणी आलं त्या दिवशी ते नवा रुमाल बांधून नळाजवळ उभे राहिले होते म्हणे, लेकराच्या बारशाला उभं राहावं तसे. सिंधूनं त्यांना पाहिलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या वर्षीच ते गेले. पण घरात नळ त्यांच्याच नावाचा होता. सासूबाई गोजरबाई त्याला ‘मालकांची धार’ म्हणत आणि तांब्या भरताना पदर सारखा करत, मालक समोर असल्यासारखा.

वैशाखात सिंधू आली. पहाटेच्या उजेडात अंगणात बसून ती घागर लावायची आणि हलक्या आवाजात म्हणायची:

*नळाच्या पाण्याला गं, नाही डोह, नाही काठ*
*माय माझी कुठं पाहू, तिच्या सावलीची वाट*

अशा तीन झाल्या की घागर काठोकाठ.

दिवाळीला घागर पाच ओव्यांची झाली. मार्गशीर्षात आठ. माघ लागला तशी धार सुतळीएवढी उरली आणि सिंधूच्या तोंडच्या ओव्या संपायला लागल्या. नव्या जुळवाव्या लागत. दोन तासांत घरचं पाणी निम्मंसुद्धा भरेना.

गोजरबाईंनी सुरुवातीला नळाला दोष दिला. मग टाकीला. मग एक दिवस तुळशीपुढं बसल्या बसल्या, अगदी शांतपणे, त्या म्हणाल्या, “ही आली आन् मालकांची धार गेली.”

ते वाक्य घरात राहायलाच आलं. चुलीपुढं भेटे, माजघरात भेटे. शेजारची शकुबाई ते गल्लीत घेऊन गेली. सिंधू पाणी भरताना समोरून जाणाऱ्या बायका आधी धारेकडं बघत, मग तिच्या पायांकडं.

नवरा, माणिकराव, भला माणूस होता. आवाज चढवत नसे, ताटावरून उठत नसे. “त्याचं मनावर घेऊ नगंस,” एवढंच म्हणे. सिंधूनं त्याला तीनदा विनवलं, “नळाच्या दफ्तरात अर्जी द्या. मिस्त्री येऊन बघंल तरी.” तीनही वेळा तो “देतो” म्हणाला. जगभर लढाई चालू आहे, नळाचं लोखंड मिळत नाही, मिस्त्री येऊन काय करणार, असंही एकदा म्हणाला. अर्जी काही गेली नाही.

फाल्गुनात गोजरबाईंनी नरसीला निरोप धाडला: गाडी घेऊन या आणि पोरीला घेऊन जा. माणिकरावासाठी गोजरबाईंच्या गोरेगावच्या भाचीचं नाव घरात निघायला लागलं होतं. निरोपाचं उत्तर आलं, बुधवारी येतो.

मंगळवारी सिंधूनं न विचारता घराबाहेर पाऊल टाकलं. चौकातल्या सार्वजनिक नळावर नामाजी मिस्त्री काम करत होता. पिकलेल्या मिशा, कमरेला पाने आणि हातोडीची पिशवी. तिनं पदर कपाळाखाली ओढला आणि चार हातांवरून, नळाशी बोलल्यासारखी, बोलली.

“मिस्त्री, उद्या सकाळी आमच्या घरी या. व्यंकटरावांच्या.”

“अर्जी दिली का बाई?”

“न्हाई दिली. उद्या माझे आबा गाडी घेऊन येऊन राहिले. पाण्याचा दोष माझ्या अंगावर हाय. पानी काहून येईना ते उद्या न्हाई कळलं तर मी गेले. मंग कळून काय करायचं?”

नामाजीनं पाना खाली ठेवला. त्याला स्वतःला दोन लेकी होत्या. “येतो,” तो म्हणाला. “पर बाई, मी नळाचा दोष सांगतो. मान्साचा सांगत न्हाई.”

बुधवारी पाणी सुटायच्या वेळी तो दारात हजर. गोजरबाई गळ्यातली तुळशीची माळ चाचपत ओट्यावर आल्या. “कोनी बोलावलं?”

“मुआयना हाय बाईसाहेब. गल्लीतले समदे नळ बघून राहिलो,” नामाजी सरळ तोंडानं खोटं बोलला आणि नळाशी उकिडवा बसला.

त्यानं तोटी उघडली. आधी फटकन जोराचं पाणी आलं, तांब्याभर, आणि लगेच सुतळी. त्यानं तोटी बंद केली, शंभरेक श्वास होईतो थांबला, पुन्हा उघडली. पुन्हा फटकन, पुन्हा सुतळी.

“बघा,” तो म्हणाला, “दमानं घेतलं की जोर येतो. म्हंजे टाकीचा रेटा इथवर पोचून राहिला. रेटा हाय, वाट न्हाई. कुटंतरी अडलंय.”

“मंग गल्लीतच अडलं आसंल,” माणिकराव ओट्यावरून म्हणाला.

“त्ये बी बघू. घड्याळ दफ्तरातल्या दरोगासाहेबाच्या खिशात ऱ्हातं, आमच्यापाशी न्हाई. घागर भरायला किती येळ लागतो कसा मोजावा...”

“चौदा ओव्या,” सिंधू म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिला परत बोलावं लागलं. “आज चौदा लागतात. मी आले तवा तीन लागायच्या. दिवाळीला पाच झाल्या.”

“तवा तीन?” नामाजीनं मान वर केली. “म्हंजे तुमी आल्या तवा पानी बराबर व्हतं?”

“आषाढ, श्रावण, भादवा. समदं बराबर. दिवाळीपास्नं उतरलं.”

गोजरबाई काहीतरी बोलणार होत्या, पण नामाजी उठला होता. “मंग चला लेकी, हीच घागर घ्या. शकुबाईच्या नळाला लावू. तोंड तुमचं, घागर तुमची. मापात फरक नको.”

शकुबाईच्या अंगणात अर्धी गल्ली जमली. “आता आमच्या नळाची बी दृष्ट काढता का मिस्त्री?” शकुबाई हसली. “आमचा नळ साधा हाय बाबा, त्यांचा पान खाऊन पिंक टाकल्यावानी करून राहिलाय.”

“थोडं गप बसा मावशी. ओवी मोजायचीय.”

सिंधूला इतक्या लोकांपुढं कधी तोंड उघडावं लागलं नव्हतं. तिनं घागर धारेखाली सरकवली. घागर भरायला लागली तशी ती पाण्याकडंच बघत म्हणायला लागली, रोजच्याच चालीनं.

*नरसीच्या शिवारात, कयाधूचं संथ पाणी*
*बाप माझा औत हाकी, पाठी पाखरांची गाणी*

चौथी ओवी संपता संपता घागर भरून सांडली. पायगुण असता तर तो शेजारच्या नळावरही उतरला असता, हे कुणी बोललं नाही, पण एकदोघींच्या तोंडावर ते येऊन गेलं.

“रस्त्याचा नळ साफ,” नामाजी म्हणाला. “अडलंय ते रस्ता आन् तुमची तोटी, यामदी.”

परत येऊन त्यानं तोटी घट्ट बंद केली. पिशवीतून हातभर लांब लाकडी दांडका काढला, एक टोक नळावर टेकवलं, दुसरं कानाला. भिंतीच्या कडेकडेनं, अंगणातून दारापर्यंत, दर हातावर थांबत तो ऐकत गेला. कुठं गळती असती तर सूं आवाज आला असता. नळ मुका होता. “गळत बी न्हाई,” तो पुटपुटला आणि तोटी खोलायला बसला.

तोटीच्या पोटात चामड्याची काळी चकती असायला हवी होती. तिथं पिवळ्या रेशमाची, घड्या घालून दोऱ्यानं शिवलेली चकती निघाली. नामाजी ती तळहातावर घेऊन बघत राहिला.

“ह्ये कोनाचं काम?”

“माझं,” गोजरबाई ताठ मानेनं म्हणाल्या. “माझ्या मुगट्याचं रेशीम हाय. सोवळ्याचं. मी माळकरी बाई. मालक व्हते तवर मी काही बोलले न्हाई, चामड्यातून आलेलं पानी डोळे मिटून पेले. मालक गेले. आषाढात चातुर्मास धरला तवा म्हनलं, देवाला तरी ह्ये पानी घालायचं न्हाई. माणिकाला सांगून बदलून घेतलं. त्यात पाप काय झालं?”

“पाप न्हाई बाईसाहेब. पर रेशीम फुगतं.” त्यानं चकती दाखवली. ती फुगली होती खरी, पण अजून एकसंध होती. तिच्याविना पाणी सोडून बघितलं तरी धार सुतळीच. “ह्यानं एवढं अडनार न्हाई. आनखी एक जागा हाय. दाराबाहेर मातीत पेटी हाय, तिच्यात पानी बंद करायचा दफ्तराचा कॉक. त्याच्यात बी चामडंच आसतं. तिथं बी बदललं का?”

गोजरबाईंनी लेकाकडं बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता.

“न्हाई,” माणिकराव म्हणाला. “तिथं न्हाई. त्याच्यावर दफ्तराचा शिक्का हाय.”

तेवढ्यात गल्लीत बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. सिंधूचे वडील, संतराम, गाडी घेऊन पोचले होते. गाडी दारापासून जरा लांब सोडून, काढलेली पायताणं हातात घेऊन, ते आत आले. विहीणबाईंना लवून नमस्कार केला. लेकीकडं बघितलं नाही. सिंधूचं गाठोडं ओट्याच्या कडेला बांधून ठेवलेलं होतं. ते उचलून त्यांनी गाडीत नेऊन ठेवलं. तेवढं तरी काम हाताला मिळालं.

“पेटी उघडून बघतो,” नामाजी म्हणाला.

“राहू द्या मिस्त्री,” माणिकराव पायऱ्या उतरून आला. “तिथं काही न्हाई म्हनलं ना. उगा खंदाखंद कशाला? सासरे आलेत. त्यांना उन्हाच्या आत निघायचंय.”

सिंधू पुढं झाली. सासू आणि बाप दोघांसमोर तिनं नवऱ्याला उत्तर दिलं, “बघू द्या की. एवढंच ऱ्हायलंय.”

नामाजीनं गल्लीच्या तोंडाशी जाऊन लांब चावीनं रस्त्याचं पाणी बंद केलं. घराघरांतून ओरडा उठला. दाराबाहेरची माती उकरली, पेटीचं झाकण निघालं. कॉकवरचा शिशाचा शिक्का तारेसकट बाजूला पडलेला होता. पान्याच्या दोन वळशांत कॉक उघडला, जणू रोजचाच. आत बोट घालून नामाजीनं जे बाहेर काढलं ते चकती राहिलं नव्हतं. शिवण उसवलेली, घड्या सुटलेल्या. पिवळ्या रेशमाचा गोळा पाण्याच्या वाटेत बोळ्यासारखा बसला होता.

तो त्यानं ओट्याच्या पायरीवर ठेवला. कुणाच्या हातात दिला नाही.

“दुपारी पानी बंद आसतं तवा बदललं आसंल,” तो म्हणाला. “आषाढात घातलं. चार म्हैने टिकलं. दिवाळीच्या सुमाराला शिवण सुटली आन् बसलं वाटंत. बाईनं ओव्या बराबर मोजल्या.”

गोजरबाई पायरीवरच्या रेशमाकडं बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचा राग कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. “मला वाटलं तोटीतच... बाहेरचं बी?” त्यांनी लेकाला विचारलं.

“तूच म्हनली व्हतीस, चामड्याचा टिपूस नको,” माणिकराव खाली बघत म्हणाला. “म्हनून दोन्ही केले.”

सिंधू त्याच्याजवळ गेली. हलकेच, फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं, “तुमाला ठावं व्हतं?”

“खरंच न्हाई... म्हंजे, वाटलं व्हतं. दिवाळीनंतर वाटलं.” तो चाचरला. “शिक्का तोडला कळलं असतं तर दफ्तरानं नळ कापला असता. वडलांचा नळ, सिंधू. त्यांनी किती हौसेनं...”

“आन् मला माहेरी धाडत व्हते ते?”

“मी आनायला आलो असतो. राग शांत झाल्यावर. आईच्या मनातून उतरलं की.”

“गोरेगावची घरात आल्यावर?”

त्याचे डोळे भरून आले होते. सिंधूनं ते पाहिलं, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. तिला काहीच वाटलं नाही.

नामाजी हात धूत होता. “शिक्क्याचं मी कुटं बोलत न्हाई,” तो माणिकरावाला म्हणाला. “नवा लावून देतो. ह्या शिक्क्यापायी आजवर कुनाचा नळ कापल्याला मी तरी बघितला न्हाई. आधी इचारलं असतं तर सांगितलं असतं.” पिशवीतून त्यानं चामड्याच्या दोन चकत्या काढल्या.

“चामडं न्हाई!” गोजरबाई ओरडल्या.

“मंग पानी न्हाई बाईसाहेब.”

गोजरबाईंनी तोटीकडं बघितलं. मग मान हलवून म्हणाल्या, “लावा. धुन्या-भांड्याला व्हईल. देवाचं आन् माझ्या पिन्याचं पानी सूनबाई आडावरून आनील. सकाळी सोवळ्यात. पुनमचंदच्या मळ्यातला आड चांगला हाय.” पुनमचंदचा मळा गावाबाहेर, नदीच्या वाटेवर होता. सिंधूकडं वळून, आवाज जितका मऊ करता येईल तितका करून, त्या म्हणाल्या, “गाठोडं उतरून घे सूनबाई. झालं गेलं. मान्साच्या तोंडून एखादा शबूद जातो.”

चकत्या बसल्या, रस्त्याची चावी फिरली. तोटी सुटली तसं पाणी दगडावर आदळून अंगणभर उडालं. शकुबाई दारातून म्हणाली, “आता गं बया!” सगळे थोडं थोडं हसले. संतरामांनी दोन्ही हात जोडून कुणाला तरी नमस्कार केला, देवाला की नळाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चेहरा इतका सैल पडला होता की रडतात की काय असं वाटावं.

ते गाठोडं आणायला निघाले तशी सिंधू त्यांच्यामागं गाडीपाशी गेली.

“आबा, मला घेऊन चला.”

ते गाठोडं उतरवत होते. हात तसाच थांबला. “आता काहून? आता तर तुझा दोष न्हाई निघाला. गल्लीसमोर न्हाई निघाला!”

“म्हनूनच म्हनते. तेस्नी ठावं व्हतं आबा. चार म्हैने ठावं व्हतं. मी रोज समोर बसून पानी भरत व्हते.”

संतरामांनी इकडं तिकडं बघितलं. एक हात गाठोड्यावर, दुसरा गाडीच्या साठ्यावर. “मारलं का त्यानं तुला कधी?”

“न्हाई.”

“उपाशी ठेवलं?”

“न्हाई.”

“मंग मी गावाला काय सांगू लेकी?” त्यांचा आवाज उतरला होता. “पायगुनाचा आळ घेऊन आली असतीस तर लोकं चार दीस बोलले असते आन् गप बसले असते. आज खरंखोटं झालं, सासूनं सोता बोलावलं, आन् आता पोरगी उठून आली म्हनलं तर? नवऱ्यानं एक गोष्ट सांगितली न्हाई म्हनून आली, आसं सांगू? कोन आइकंल? घरात तुझी भावजय. ती आजच म्हनत व्हती, कुटं निजवायचं.”

सिंधूची नजर गाडीवर गेली. कालपर्यंत तिला वाटत होतं की या गाडीत बसावं लागलं तर आपण मेलो. रात्रभर जागून तिनं देवाकडं, ती वेळ येऊ नये, एवढंच मागितलं होतं. आणि देवानं ते दिलं होतं, सांगितलं तसं, काडीचाही फरक न करता.

संतरामांनी गाठोडं तिच्या हातांवर ठेवलं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून गाडीतून शेंगांची पुरचुंडी काढली आणि तीही गाठोड्यावर ठेवली. “भावजयनं दिल्यात,” ते म्हणाले. ते खोटं होतं; पुरचुंडीची गाठ त्यांच्याच हातची होती, दोन पदरी, बैलाच्या दोरीला मारतात तशी.

गाडी वळली. तिच्यासाठी कडब्यावर वाकळ अंथरलेली होती, ती तशीच होती. सिंधू दारात गाठोडं धरून उभी राहिली. मागं अंगणात पाणी भरण्याची लगबग चालली होती, माणिकराव स्वतः घागरी उचलत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

गल्लीच्या वळणावर गाडी थांबली. संतराम खाली उतरले.

सिंधूचा पाय उंबऱ्याबाहेर पडला.

त्यांनी उजव्या बैलाच्या गळ्याखालचं सैल झालेलं जोत आवळलं, बैलाच्या मानेवरून एकदा हात फिरवला, आणि मागं न बघता पुन्हा गाडीवर चढले.